तूर कुणी जाळली

१४ ऑक्टोबर

पुनमताई,

तुझं पत्र बारा दिवसांनी पोचलं. पोस्टमन इथं रोज येत न्हाई, चार-पाच पत्रं जमली की मग चढ चढतो. तरी पत्रच लिहीत जा. फोनला रेंज न्हाई. वरच्या देवळापर्यंत गेलं तर एक दांडी येती अन् बोलायला लागलं की जाती. अन् लागला तरी तुझी सासू फोन स्पीकरवर टाकून मेथी निवडत बसणार. आपलं बोलणं अख्ख्या गल्लीला कशाला?

तू इचारलंस, हिमाचलात करतोस काय. बागेत हाय. हैदराबादच्या बेकरीत एक पहाडी कारागीर होता, तो गावी येताना मला संग घेऊन आला. तो परत गेला, मी राहिलो. एका मॅडमचं मोठं लाकडी घर हाय, त्यात पाहुणे भाडं देऊन राहतात. घराखाली डोंगर उतरत जातो तशी बाग बी उतरत जाती, तीन टप्प्यांत. बाग सांभाळतो चाचा. पासष्ट वर्षांचा, दात चार, बोलणं त्याहून कमी. मी त्याच्या हाताखाली. मी हिंदी बोललो की मॅडम हसतात. काल म्हणलं, "चाचा, मेरे कू वो घमेला देव," तर पाहुण्या बायांनी मला तेच दोनदा बोलायला लावलं.

ताई, इथली पानं तू बघायला पाहिजे होतीस. आपल्याकडं पान गळतं ते वाळून, मातकट होऊन. इथं आधी रंगतं. घरामागं निलगिरीसारखी उंच झाडं हायत, ती पंधरा दिवसांत हिरवीची पिवळी झाली, हळद लागल्यावानी. भिंतीवर एक वेल हाय, ती खालून लाल होत होत वर चढली. फुलं तर इचारू नको. डेलिया ताटाएवढा. झेंडू आपल्यासारखाच, पण इथं त्याची माळ करत न्हाईत, नुसता बघतात. पाहुणे सकाळी चहाचा कप धरून वाफ्यांतून फिरतात अन् काहीच करत न्हाईत. आधी मला त्यांचा राग यायचा. आता मी बी फिरतो.

परवा दसरा झाला. इथं आपटा कुठला? मी वेलीचं एक लाल पान चाचाच्या हातात दिलं, म्हणलं सोनं घ्या. त्यानं उलटंपालटं करून बघितलं अन् खिशात घातलं. काय समजला कुणास ठाऊक. तसलंच एक वहीत दाबून तुला पाठवलंय.

माझा पत्ता अण्णांना देऊ नको. इचारलं तर म्हण, बरा हाय.

वैजनाथ


लातूर, २३ ऑक्टोबर

वैजू,

पान मिळालं. तुझ्या दाजींनी उजेडात धरून बघितलं आणि म्हणाले, "मेहुणा पानं वाळवायला लागला म्हणजे तिकडं कुणीतरी असणार." मी म्हणलं, असली तर बरंच आहे.

पण मला तसं वाटत नाही. लहानपणी काही लपवायचं असलं की तू असाच बोलत सुटायचास. गुळाची ढेप फोडलीस तेव्हा अर्धा तास मला चिमण्यांचं सांगत होतास. आता पानं, फुलं आणि चाचाचे दात. आईनं तुळशीला पाणी घाल म्हणलं तर अंगण सोडून पळणारा तू! चार वर्षांत पुणे, सुरत, परत पुणे, हैदराबाद आणि आता हा डोंगर. गावाला एकदाही नाही. अण्णा तुझ्यावर चिडलेत म्हणावं तर तूच त्यांचा लाडका. मग पत्ता कामून लपवतोस?

खरी गोष्ट पुढंच आहे. केरबा काका रान विकून राहिलेत. आपल्या बांधाला लागून असलेलं, वरच्या अंगाचं. नायगावचा कुणी भुजंगराव म्हणून घेणार आहे. मार्गशीर्षाच्या अमावस्येला येळवस झाली की दुसऱ्या दिवशी खरेदीचा कागद, आणि मग काका-काकू शिल्पाकडं उमरीला जाणार, कायमचे. काकासारखा माणूस लेकीच्या दारात! शिल्पाचा फोन आला होता. रडत होती. "ताई, अप्पा पारावर गेले की माणसं उठून जातात. सख्ख्या भावाची तूर जाळली म्हणतात. गावात राहून काय करतील?"

तुला आठवत नाही असं होणार नाही, तरी लिहिते. चार वर्षांमागची येळवस. तान्ह्या पिंट्याला घेऊन मी पहिल्यांदा रानात आले होते. सगळी भावकी जमलेली, पूजेला कडब्याची कोप घातलेली, आंबिलीचं मडकं डोक्यावरून उतरवलं आणि अण्णांची नजर खालच्या अंगाला गेली. ओढ्याकडची तूर सगळी काळी. शेंगांनी लदलेली तूर, कुणी उकळतं पाणी ओतल्यासारखी. वरची हिरवीगार, आणि बांधापलीकडची काकाची त्याहून हिरवी. अण्णा ओरडले, "तणनाशक मारलं कुणीतरी!" आणि तू पुढं होऊन म्हणालास, "काल दिवस मावळताना केरबा काका बांधावर होते. पाठीवर पंप होता. मी बघितलं."

काका नाही म्हणाले नाहीत. तुझ्याकडं बघितलं, काकूच्या हातातलं टोपलं घेतलं आणि चालायला लागले. नाही म्हणाले नाहीत म्हणूनच सगळ्यांना पटलं.

वैजू, बघणारा तू एकटा होतास. खरंच बघितलंस का? हो किंवा नाही, एवढंच लिही. फुलांचं नंतर.

पुनम


२ नोव्हेंबर

ताई,

बघितलं म्हणून तर बोललो. चार वर्षांनी तेच ते कामून उकरून राहिलीस? रान काकाचं हाय, इकतील न्हाई तर ठेवतील. शिल्पा रडली म्हणून मी काय करू, डोंगर उतरून येऊ?

इथं दिवाळी बरी झाली. आता तुला राग आला तरी लिहितो, कारण ते बघितल्याशिवाय माझा दिवस जात न्हाई. खालच्या टप्प्यात अक्रोडाचं झाड हाय. त्याचं प्रत्येक पान आता पिवळं, एक बी हिरवं न्हाई, अन् अजून एक बी गळलं न्हाई. सकाळी ऊन त्याच्या मागून येतं तवा पाहुणे बोलायचं बंद करतात. मी खाली डेलियाचे वाफे ठेवलेत, शंभराच्या वर फुलं. हे वाफे माझे. बी मी टोचलं न्हाई, पण पाणी, खत, काड्या बांधणं सगळं माझं. मागच्या आठवड्यात मॅडमनी पाहुण्यांपुढं माझं नाव घेतलं. जिंदगीत पहिल्यांदा कुणी माझ्या कामाचं नाव घेतलं असंल.

पण त्या दिवसापासून चाचाचं लक्षण मला बरं दिसत न्हाई. रोज संध्याकाळी आभाळाकडं बघतो, माझ्या वाफ्याकडं बघतो अन् म्हणतो, "बस, चार दिन." कशाचे चार दिवस ते सांगत न्हाई. परवा म्हणला, फुलं कापून बादलीत ठेव, घरात लाव. मी म्हणलं, झाडावर हायत तवर राहू द्या की. तर म्हणला, "मत काट. देख लेगा." देख लेगा म्हणजे काय? ही धमकीच झाली. पंपाच्या खोलीची चावी बी तो कमरेलाच ठेवतो, मला हात लावू देत न्हाई. पंप पाहिजे असला की त्याच्या मागं फिरावं लागतं. माणूस म्हातारा असला म्हणून साधा असतो असं न्हाई.

अन् काका न्हाई कामून म्हणाले न्हाईत, ते त्यांना इचार. मला बी आजपर्यंत कळलं न्हाई.

वैजनाथ


८ नोव्हेंबर

ताई,

तुझं उत्तर यायच्या आधीच लिहून राहिलो. लई वाईट झालं.

आज सकाळी खाली गेलो तर माझे वाफे काळे. सगळे. डेलियानं माना टाकल्यात, पान धरलं तर बोटांत पाणी होतं. झेंडू बी गेला. वरच्या टप्प्यात काहीच झालं न्हाई, तिथली फुलं माझ्याकडं बघून हसून राहिलीत.

काल मीच खाली फवारलं होतं, किड्यांचं औषध. पण पंप सात पाण्यानं धुतला होता ताई, साबण घालून, नळी वेगळी काढून. तरी पुन्हा तेच.

मॅडम बाल्कनीतून बघून खाली आल्या. "यह किस ने किया?" इचारलं. मी सांगून टाकलं, काल संध्याकाळी चाचा पंप घेऊन खालच्या वाफ्यात फिरत होता, मी बघितलं. मॅडमनी लगेच चाचाला घरून बोलवायला माणूस धाडलाय.

मी पिशवी भरून ठेवलीय. पोस्टमन फाटकात उभा हाय, म्हणून एवढंच.

वैजनाथ


लातूर, १७ नोव्हेंबर

वैजू,

तुझी दोन्ही पत्रं दोन दिवसांच्या अंतरानं आली. मी ती शेजारी शेजारी ठेवून वाचली. दाजी विचारत होते, मेहुण्यानं काय लिहिलंय, तर मी म्हणलं, फुलं सुकली म्हणून रडतोय.

"तरी पुन्हा तेच." हे तू लिहिलंस. पुन्हा म्हणजे? आधी कधी झालं होतं? सात पाण्यानं पंप धुणारा तू कधीपासून झालास? ज्यानं एकदा धुतला नाही, तोच नंतर सात वेळा धुतो.

आणि चाचाला पण तू "बघितलं". मावळतीला. पाठीवर पंप घेऊन. वैजू, तुला जगात जो तो मावळतीला पंप घेऊनच दिसतो का रे?

मी आता तुला हो की नाही विचारत नाही. मला कळलंय. पण मला कळून काकाचं काय होणार? नायगावचा तो माणूस रान मोजायला येऊन गेला. आई सांगत होती, अण्णा ओट्यावर बसून बघत होते, आणि तोंडावर काही नव्हतं. खुशी पण नव्हती. काकू म्हणे आता पाणी भरायलासुद्धा दुपारी जाते, विहिरीवर कुणी नसताना.

हे पत्र तुला त्या पत्त्यावर मिळालं तर समजेन, पळाला नाहीस. पण मला वाटत नाही मिळेल.

पुनम


२७ नोव्हेंबर

ताई,

मिळालं. पळालो न्हाई. मधल्या दिवसांत तुला तीन पत्रं लिहिली अन् तिन्ही शेगडीत घातली.

त्या दिवशी चाचा आला. मॅडमनी त्याला माझ्यासमोर इचारलं. मला वाटलं, हा बी केरबा काकासारखा गप बसणार अन् निघून जाणार. तर हा हसायला लागला. चारी दात दिसले. म्हणला, "लड़के को कल सुबह मैं दिखाता हूँ." मी ठरवलं होतं सकाळची पहिली बस धरायची. पण म्हातारा बसच्या आधी दारात उभा.

दिवस उगवायचा होता. त्यानं मला वरच्या टप्प्यात उभं केलं, म्हणला, गवताला हात लाव. ओलं होतं, दव. मग मधल्या टप्प्यात. तिथं बी दव, पण बोटं झोंबली. मग खाली. ताई, खाली गवत पांढरं होतं. मीठ पेरल्यावानी. पाय ठेवला की कुरकुर वाजायचं. एकेका पानाच्या कडेला पांढरी नक्षी, मेलेल्या डेलियावर सुद्धा. मी पान तोडलं तर काचेवानी मोडलं. चाचा म्हणला, थंडी पाण्यासारखी असती, डोंगरावरून उतरती अन् खोलगट जागा दिसली की तिथं साठती. वारा न्हाई, ढग न्हाई, अशा रातीला दव गोठतं अन् पानाच्या आतलं पाणी बी गोठतं. ऊन लागलं की पान काळं. कुणी फवारावं लागत न्हाई. चार दिवस म्हणजे हेच चार दिवस, तो मला रोज सांगत होता. अक्रोडाच्या बुंध्याशी चार झेंडू होते, ते ताजेच्या ताजे. मी इचारलं, हे कसे वाचले? म्हणला, वर फांदीचं छप्पर हाय.

ते ऐकलं अन् मी तिथंच खाली बसलो. आपल्या खालच्या अंगाला ओढ्याकाठी आंबा हाय. त्याच्याखालची तूर हिरवी राहिली होती, आठव. अण्णा म्हणाले होते, मारणाऱ्याचा हात फांदीखाली पोचला न्हाई.

तेवढ्यात ऊन आलं. अक्रोडाला ऊन लागलं अन् सगळं झाड एकदम गळायला लागलं. वारा न्हाई, काही न्हाई. पान पानावर आपटून टपटप आवाज, अन् खालचं पांढरं गवत बघता बघता पिवळं झालं. अर्ध्या तासात झाड नागडं. चाचा कान देऊन ऐकत होता. चाळीस वर्षं बघतोय म्हणला. मी डोळे पुसत होतो, त्याला वाटलं थंडीनं.

आता तुला पाहिजे ते. काकांना मी बघितलं न्हाई. मावळतीला मी रानातच नव्हतो, नायगावला मॅच बघायला गेलो होतो. त्या दिवशी सकाळी तुरीला अळीचं औषध मारायचं म्हणून मी काकांचा पंप मागून आणला. त्यात आदल्या दिवशी तणनाशक होतं. काका म्हणाले, तीन पाण्यानं धू, साबण घाल, मग तुझं औषध भर. मला मॅचची घाई. ओढ्यावर एकदा खळबळला अन् भरला. पहिला पंप खालच्या अंगाला मारला. दुसऱ्या दिवशी खालचं अंग काळं. मला शंका राहिलीच न्हाई, मीच जाळली. अण्णा ओरडले तवा वाटलं, सगळे माझ्याकडंच बघून राहिलेत. कुणी बघत नव्हतं. पण तोंडातून काकांचं नाव गेलं. पंप त्यांचाच होता, म्हणून तेच नाव जवळ होतं.

चार वर्षं मी हे घेऊन फिरलो. कुठं बी चार लोक बरं बोलायला लागले की वाटायचं, आता कळणार ह्यांना. की निघालो. अन् आता कळतंय, तूर मी जाळलीच नव्हती. पण ताई, त्यानं हलकं वाटायला पाहिजे होतं ना? वाटत न्हाई.

चाचाचं मात्र केलं. मॅडमपुढं जाऊन म्हणलं, "मैं ने नै देखा. झूट बोला." चाचा म्हणला, "फावड़ा ला." मग आम्ही डेलियाचे कंद खणून काढले, माती झाडून रेतीत घातले. वरच्या टप्प्यात शेवंती अजून उभी हाय. थंडी तिला काही करत न्हाई.

हे पत्र काकांना दे. मला त्यांना वेगळं लिहिता येत न्हाई.

वैजू


लातूर, ९ डिसेंबर

वैजू,

तुझं पत्र वाचून मला आधी काय वाटलं सांगू? वाटलं, आता ह्यानं नवीन काढलं. आधी काका, मग चाचा, आता थंडी. थंडी तर बोलायलाही येत नाही बिचारी. नायगावकडं कधी कुणी बर्फ बघितलाय? म्हणून मी दाजींच्या शाळेतल्या उद्धव सरांना विचारलं. ते म्हणाले, "ओढ्याकाठची खोलगट जागा, डिसेंबर, आभाळ निरभ्र. होऊ शकतं, ताई. क्वचित होतं, म्हणून लोक ओळखत नाहीत." मग मी पिंट्याला सासूजवळ ठेवलं आणि रविवारी सकाळची बस धरून गावी गेले.

अण्णांना काही सांगितलं नाही. म्हणलं, काकूला भेटून येते. अण्णा म्हणाले, "कशाला?" मी म्हणलं, जाणार आहे ना ती.

काकांनी पत्र वाचलं, घडी घातली, आणि मला चहा प्यायला सांगून आत जाऊन लिहीत बसले. ते सोबत ठेवलंय. मी उघडलं नाही, उघडावंसं लई वाटलं तरी.

पुनम


(सोबतचं पत्र)

८ डिसेंबर

चि. वैजनाथ,

पत्र दोनदा वाचलं. तुझं अक्षर अजून आठवीतलंच हाय.

पंप तू धुतला न्हाईस हे मला त्याच सकाळी कळलं होतं. तूर बघितली अन् कळलं. तू माझं नाव घेतलंस तवा वाटलं, पोरगं भ्यालंय. दादाचा हात किती जड हाय ते मला लहानपणापासून ठाऊक. म्हणलं, आत्ता न्हाई म्हणलं तर इचारतील, मग पंप कुणाकडं होता? अन् पोराची चामडी निघंल. चार दिवसांत पोरगं आपणहून सांगंल. तू चार दिवसांत पुण्याला गेलास.

मग मी बी बोललो न्हाई. खोटं कशाला सांगू, पारावरची माणसं उठून गेली तरी मला आतून बरं वाटायचं. केरबा, तू दादाचं लेकरू वाचवलंस, असं मनाला म्हणायचो. तुझी काकू रडायची, तिला बी सांगितलं न्हाई. आता तू लिहितोस, तूर थंडीनं गेली. मग मी वाचवलं कशापासून? मी बी तुझ्यावर संशयच धरून बसलो होतो की. एकदा बोलावून इचारलं असतं, वैजू, पंप धुतला होतास का, तर तिथंच बोलणं निघालं असतं. इचारलं न्हाई. मोठेपणा घेऊन बसलो.

थंडीचं मला पटतं. त्या सकाळी ओढ्याकडचं गवत पांढरं दिसलं होतं. मी समजलो, तुझ्या पंपातलं औषध सांडून वाळलंय.

पण एक ध्यानात घे. तूर थंडीनं जाळली. "मी बघितलं" हे तुझ्याकडून थंडीनं बोलवलं न्हाई. ते पत्रानं फिटायचं न्हाई. दादाला पत्र लिहू नको, फाडून टाकतील. जिथं बोललास तिथं बोल, येळवशीला, सगळ्यांपुढं, तोंडानं. तीस तारखेला येळवस हाय, एकतीसला कागद. आलास तर ये. न्हाई आलास तर मी समजून घेईन, आधी बी घेतलंच होतं.

केरबा काका


गाव, ३१ डिसेंबर

ताई,

आलो. मी येणार न्हाई म्हणून तू पैज लावली होतीस असं दाजी फोनवर म्हणाले. हरलीस. पण खरं सांगतो, नांदेडला उतरलो तवा हैदराबादच्या बसपुढं बराच वेळ उभा होतो. कंडक्टर म्हणला, "चढायचं तर चढा ना भाऊ, दार अडवून कामून राहिलाव?" मग नायगावची धरली.

अण्णांनी मला बघितलं अन् पाठीवर थाप मारली. "माझा वाघ आला!" असं चौघांना सांगत सुटले. त्याहून दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आईनं भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील सगळं केलेलं. काल सकाळी भावकी रानात गेली. पूजा झाली. पंढरीदादा म्हणले, "काय वैजनाथ, हिमाचलहून खिशात बर्फ आणला न्हाईस का?" सगळी हसली. मी म्हणलं, आणलाय.

अन् सांगितलं. उभ्या उभ्या. आधी, "अण्णा, मी काकांना बघितलं न्हाई."

"कवा?"

"त्या येळवशीच्या आदल्या दिवशी. मावळतीला मी रानात नव्हतोच."

अण्णा हातातला उंडा ठेवून म्हणले, "पुन्हा म्हण." मी पुन्हा म्हणलं. तिसऱ्यांदा त्यांनी इचारलं न्हाई, नुसतं बघितलं, तरी मी म्हणलं. मग पंपाचं सांगितलं. मग थंडीचं. पंढरीदादा म्हणले, "नायगाव तालुक्यात बर्फ! ह्याला तिकडचं पाणी लागलं बघा," पण ह्यावेळी कुणी हसलं न्हाई. अण्णा उठले. हात वर गेला. मी डोळे मिटले. मार आला न्हाई. डोळे उघडले तर अण्णा खाली ओढ्याकडं चालले होते. आंब्याखाली जाऊन उभे राहिले. वर फांदीकडं बघितलं, मग उघड्या रानाकडं, मग बांधाकडं. लई वेळ. मग बांध चढून काकांच्या रानात गेले. मी मागं मागं.

काका-काकू दोघंच जेवून राहिले होते, अन् तो भुजंगराव बी आलेला, उद्याच्या आधी एकदा रान बघावं म्हणून. काकूनं त्याला वाढलं होतं. अण्णांना बघून काकूच्या हातातली पळी थांबली. अण्णा खाली बसले. काकूनं त्यांच्यापुढं बी आंबिलीचा पेला ठेवला. पेल्याला हात लावला न्हाई, पण उठले बी न्हाईत.

"हे थोरले बंधू का?" भुजंगराव म्हणले. "बरं झालं भेटले. बांधाचा काही वाद तर न्हाई ना? गावात काय काय ऐकलं म्हणून इचारतो."

अण्णांनी मूठभर माती उचलून खाली सोडली. मग म्हणले, "वाद न्हाई. पण एक आत्ताच सांगतो, मागून म्हणू नका. इथली थंडी लई वाईट हाय. एका रातीत तूर काळी करती. आमची केली होती, चार वर्षांमागं. कुणाचा हात लागला न्हाई, काही न्हाई. नुसत्या थंडीनं."

भुजंगराव घास तसाच धरून काकांकडं वळले. "खरं व्हय हे?"

काकांनी पाणी घेऊन हात धुतला. धोतराला पुसला. अण्णांकडं बघितलं, चार वर्षांत पहिल्यांदा.

"दादा सांगून राहिलेत," काका म्हणले, "तर खरंच असंल."

भुजंगराव जेवण झाल्यावर गेले. कागदाचं नाव बी काढलं न्हाई, अन् आज फिरकले बी न्हाईत.

वैजू